बाळंतपणाची तारीख घरच्या कॅलेंडरवर कशी काढायची

पाळी चुकली की आधी शेवटच्या पाळीचा पहिला दिवस कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवा. पाळी संपली तो दिवस नको, सुरू झाली तोच. त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवा. 10 जूनला पाळी आली असेल तर अंदाजे तारीख 17 मार्च, म्हणजे 280 दिवस, 40 आठवडे. हा हिशेब 28 दिवसांच्या पाळीचा. तुमची पाळी 35 दिवसांनी येत असेल तर तारीख आठवडाभर पुढे ढकला. पाळी अनियमित असेल तर मात्र पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीची तारीखच धरा.

आमच्या कोल्हापुरात घरोघरी इथंच गोंधळ होतो. आई पाळी चुकल्यापासून महिने मोजते, डॉक्टर शेवटच्या पाळीपासून. आई म्हणते पाचवा, फाईलवर सहावा. डोहाळजेवण कुणाच्याही हिशेबाने करा, पण तपासणी आणि गोळ्या फाईलवरच्या आठवड्यांप्रमाणेच.

पहिले 13 आठवडे मळमळीचे आणि जपायचे. फॉलिक अ‍ॅसिड चुकवू नका. साधारण 18 ते 20 आठवड्यांत बाळाचे अवयव बघणारी सोनोग्राफी होते, पहिलटकरणीला हालचालही त्याच सुमारास कळू लागते. 28 आठवड्यांनंतर हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी असते.

नेमक्या तारखेला फार थोडी बाळं येतात, म्हणून बॅग 36 व्या आठवड्यातच भरून ठेवा.