आधी लोखंड मोजा, मग धारवाडची गाडी पकडा

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला दरवर्षी दोन-चार पोरं लोह ऑक्साइडचे नॅनोकण घेतात. बनवायला सोपे. लोखंडाचे फेरस आणि फेरिक क्षार एकास दोन प्रमाणात घ्यायचे, वरून अमोनिया सोडायचा, की फ्लास्कमध्ये लगेच काळं होतं. त्यावर डेक्स्ट्रान (साखरेच्या लांब साखळ्यांचं वेष्टन) चढवलं की एमआरआयचं कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र उठून दिसावं म्हणून शरीरात सोडायचं द्रव्य तयार, अशी समजूत. पुढचा प्रश्न ठरलेला, "मॅडम, धारवाडला कधी पाठवायचं?"

बेळगावात राहण्याची एक सोय आहे. एकाच हायवेवर खाली धारवाडला कर्नाटक विद्यापीठ, वर निपाणी ओलांडून कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ. सीमेचा वाद काही का असेना, महागडी यंत्रं दोन्हीकडे आहेत. पण तिथे सॅम्पलमागे पैसे मोजावे लागतात आणि नंबर लागेपर्यंत थांबावं लागतं. म्हणून जे आपल्या कॉलेजात होतं ते आधी उरकायचं.

सगळ्यात आधी चुंबक. जुन्या स्पीकरमधला चालतो, निओडायमियमचा असेल तर उत्तम. काचेच्या बाटलीत द्रव घ्या, बाजूला चुंबक टेकवा आणि बघत बसा. अर्ध्या मिनिटात कण एका बाजूला गोळा होऊन पाणी नितळ झालं, तर खूश होऊ नका. त्याचा अर्थ कण एकमेकांना चिकटून गुठळ्या झाल्यात. नीट वेष्टन चढलेले दहा नॅनोमीटरचे सुटे कण एवढ्याशा चुंबकाला दाद देत नाहीत, द्रव तपकिरीच राहतो. गुठळ्यांचं सॅम्पल पुढे पाठवणं म्हणजे पैसे पाण्यात.

आता लोखंड. ही पायरी पोरं टाळतात, आणि पुढचे सगळे आकडे हिच्यावरच उभे असतात. लागतो फक्त साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर, द्रवाने किती प्रकाश शोषला ते मोजणारा.

शंभर मायक्रोलिटर द्रव घ्या, त्यात एक मिलिलिटर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घाला, झाकण लावून साठ अंशांवर काही तास ठेवा. हे फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात. द्रव स्वच्छ पिवळा झाला पाहिजे. बाटली उजेडासमोर तिरकी धरा. तळाला एकही काळा ठिपका दिसला तर अजून विरघळायचं आहे. मग पाणी घालून दहा मिलिलिटर करा. त्यातलं एक मिलिलिटर दुसऱ्या दहाच्या फ्लास्कमध्ये घ्या, हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइड घाला म्हणजे सगळं लोखंड फेरस होईल, मग सोडियम अ‍ॅसिटेट आणि शेवटी फेरसशी रंग देणारं फिनँथ्रोलिन. पीएच पट्टीवर चारच्या आसपास हवा. आम्ल जास्त राहिलं तर रंग चढतच नाही. बरोबर जमलं की गर्द नारिंगी रंग येतो. खुणेपर्यंत पाणी भरा, दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि ५१० नॅनोमीटरला वाचा.

स्टँडर्डसाठी, म्हणजे ताडून बघायच्या माहीत प्रमाणाच्या द्रावणासाठी, मोहर सॉल्ट (फेरस अमोनियम सल्फेट) प्रत्येक कॉलेजात असतंच. ०.७०२ ग्रॅम एक लिटर आम्लमिश्रित पाण्यात, म्हणजे लिटरला १०० मिलिग्रॅम लोखंड. त्यातून अर्धा ते चार मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंतचे पाच-सहा बिंदू काढा. सॅम्पलचं वाचन ०.४४ आलं तर ते सुमारे २.२ मिलिग्रॅम प्रति लिटर भरतं. आपण हजारपट पातळ केलं होतं, म्हणजे मूळ द्रवात मिलिलिटरला २.२ मिलिग्रॅम लोखंड. ब्लँक, म्हणजे सॅम्पल न घालता बाकी सगळं तसंच केलेलं द्रावण, मात्र विसरायचा नाही. आपल्याकडची लाल माती लोखंडाने भरलेली असते, उन्हाळ्यात खिडकी उघडी राहिली की ती बीकरपर्यंत येते. बोअरच्या पाण्याने धुतलेल्या भांड्यांचीही तीच गत. भांडी पातळ आम्लातून काढून मग डिस्टिल्ड पाण्याने धुवा.

हे झालं की धारवाडची गाडी. द्रव बर्फात गोठवून नेऊ नका, गोठून वितळला की गुठळ्या होतात. साध्या डब्यात, ऊन लागू न देता न्या. तिकडे ऑपरेटर "स्वल्प निल्री" म्हणाले की निमूट थांबायचं. तेवढ्यात सॅम्पल बसवायचा होल्डर स्वतः पुसून ठेवावा.

व्हीएसएममध्ये, म्हणजे चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्रात, पाच ते दहा मिलिग्रॅम सुकी पूड लागते. स्टीलचा चमचा लावायचा नाही, प्लॅस्टिकचा घरून न्यायचा. पूड टेफ्लॉन टेपमध्ये घट्ट बांधा. सैल राहिली तर कण हलतात आणि आलेख वेडावाकडा येतो. रिकाम्या होल्डरचं वाचनही घ्या आणि नंतर वजा करा. आलेख शून्यातून गेला, जाता-येता एकाच रेषेवर राहिला, तर कण सुपरपॅरामॅग्नेटिक. चुंबकीय क्षेत्र काढल्यावर ते चुंबकत्व धरून ठेवत नाहीत, आणि शरीरात घालायच्या कणांना तेच हवं.

इथे पोरांचं तोंड पडतं. १० मिलिग्रॅम पुडीला ०.४५ इएमयू (चुंबकत्वाचं एकक), म्हणजे ग्रॅमला ४५. पुस्तकात मॅग्नेटाइटला, म्हणजे याच काळ्या लोह ऑक्साइडला, ९२ लिहिलेलं. "मॅडम, निम्मंच आलं की!" अरे, पुडीत डेक्स्ट्रानचंही वजन आहे ना? तीच पूड विरघळवून बघितली आणि लोखंड ५५ टक्के निघालं, तर लोखंडाच्या ग्रॅममागे ८२ इएमयू. मॅग्नेटाइटमध्ये लोखंड ७२.४ टक्के, त्या हिशेबाने मॅग्नेटाइटच्या ग्रॅममागे ५९. एवढ्या लहान कणांना हे चांगलंच आहे. पृष्ठभागावरचा थर नीट चुंबकित होत नाही, म्हणून ९२ गाठायची अपेक्षाच ठेवू नये.

आकाराचं भांडण दरवर्षीचं. टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) ९ नॅनोमीटर, डीएलएसमध्ये (विखुरलेल्या प्रकाशावरून आकार काढणारं यंत्र) ४५, खरं कुठलं? दोन्ही. टीईएमला फक्त लोह ऑक्साइडचा गाभा दिसतो, डीएलएस वेष्टन आणि त्याला धरून फिरणारं पाणी यांच्यासकट मोजतं. फेरुमॉक्सिटॉल घ्या, २००९ मध्ये अमेरिकेत अ‍ॅनिमियासाठी मंजूर झालेलं औषध, डॉक्टर ते एमआरआयसाठीही वापरतात. त्याचा गाभा सातेक नॅनोमीटर आणि वेष्टनासकट आकार तीसच्या आसपास. डीएलएसमध्ये प्रकाश व्यासाच्या सहाव्या घातात विखुरतो. शंभरचा एक कण दहाच्या दहा लाख कणांइतका चमकतो, त्यामुळे धुळीचा एक कणसुद्धा सगळं वाचन बिघडवू शकतो. म्हणून ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून पाणी गाळा, सॅम्पल गाळू नका. नाहीतर गुठळ्या फिल्टरवर अडकतील आणि आकडा खोटाच सुंदर येईल. टीईएमच्या फोटोंत निदान दोन-तीनशे कण मोजा, देखणे तेवढेच निवडून नव्हे. एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासणं) करा, पण त्यातल्या शिखरांच्या रुंदीवरून शेररच्या सूत्राने आलेल्या आकाराला दुजोऱ्यापलीकडे किंमत देऊ नका.

शेवटचं आणि खरं काम रिलॅक्सिव्हिटीचं, म्हणजे ठरावीक लोखंड पाण्याचा एमआरआय सिग्नल किती झपाट्याने विझवतं ते मोजण्याचं. एखाद्या हॉस्पिटलचा १.५ टेस्लाचा एमआरआय रात्री पेशंट संपल्यावर मिळाला, तर लोखंडाच्या ०.०५ ते ०.५ मिलिमोलर अशा पाच-सहा नळ्या न्या, एक नुसत्या पाण्याची. काठोकाठ भरा, बुडबुडा राहिला की त्याच्याभोवती चित्र वाकतं. स्टँड प्लॅस्टिकचाच, आणि पहिल्या पायरीचा चुंबक खिशात ठेवून आत जायचं नाही.

मल्टी-एको स्पिन एको लावायला सांगा, म्हणजे एकामागून एक अनेक एको (सिग्नलचे प्रतिध्वनी) नोंदवणारी स्कॅनची पद्धत. पहिला एको सोडून उरलेल्यांवरून प्रत्येक नळीचा टी-टू (सिग्नल विझण्याचा काळ) काढा, आणि एक भागिले टी-टू विरुद्ध लोखंड असा आलेख काढा. रेषेचा चढ म्हणजे आर-टू, हीच रिलॅक्सिव्हिटी. तो मिलिमोलरमागे सेकंदाला १०० धरला तर ०.१ मिलिमोलरला टी-टू जवळपास ९६ मिलिसेकंद येतो, ०.५ ला २० च्या आसपास. त्याहून दाट केलं तर सिग्नल पहिल्या एकोआधीच बुडतो, म्हणून वर जायचं नाही. स्कॅनरची खोली थंडगार असते. नळ्यांचं तापमान मोजून आकड्याशेजारी लिहा, टेस्लाही लिहा. दुसऱ्या कुणाच्या ३७ अंशांवरच्या आकड्याशी तो तसाच ताडून बघायचा नाही.