चार पैजा, एक पट्टी आणि ६८६ रुपये

२३ सप्टेंबर २०२२. जामठ्याचं मैदान ओलं, म्हणून भारत-ऑस्ट्रेलिया टी-ट्वेंटी आठ-आठ ओव्हरचीच झाली. त्यांचे ५ बाद ९०, आपले ७.२ ओव्हरमध्ये ९२. अख्खं नागपूर खूश, माझा रूममेट सोडून.

त्यानं एका अ‍ॅपवर चार पैजा एकाच पट्टीत गुंफून (एक जरी हुकली तरी सगळे पैसे जातात) शंभर रुपये लावले होते. प्रत्येकीचा भाव, म्हणजे पैज लागली तर एका रुपयाचे परत मिळणारे रुपये, १.९०. "चारही लागल्या की तेराशे ना बे!" गुणाकार बरोबर होता : १.९० चारदा गुणलं की १३.०३. (या तेराशेत आपलेच शंभर धरलेले असतात, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही.) तीन लागल्या. चौथी जामठ्यातल्या एकूण धावांवर होती. ओव्हर कमी झाल्यानं ती रद्द. रद्द पैजेचा भाव १ धरतात, म्हणून हातात आले ६८६. त्याला वाटलं फसवलं. नियमांत ते लिहिलेलंच होतं.

मी तेव्हा एमएस्सी संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाला. फासे आणि पत्त्यांची गणितं करून कंटाळलो होतो. दुसऱ्या दिवशी तर्री-पोहे खाताना त्याची पट्टी सोडवायला घेतली, आणि संभाव्यता तिथं खरी कळली.

नव्यानं शिकणाऱ्यांनी आधी भाव उलटा करावा. १ भागिले १.९० म्हणजे ५२.६३ टक्के. समोरच्या बाजूचाही भाव १.९० असेल तर बेरीज १०५.२६. शंभराच्या वरचं ते बुकीचं. सामना खरोखर निम्मा-निम्मा असेल तर रास्त भाव २ हवा, १.९० वर शंभराचे सरासरी ९५ परत येतात. चार पैजा गुंफल्या की हे ०.९५ सुद्धा चारदा गुणलं जातं : उरतात ८१.४५. दहा गुंफल्या तर जेमतेम साठ. भाव फुगताना दिसतो, कापलेला हिस्सा फुगताना दिसत नाही.

दुसरी अडचण घटनांच्या स्वातंत्र्याची, म्हणजे एकीचा दुसरीवर परिणाम नसण्याची. 'भारत जिंकेल' आणि 'रोहित पन्नास करेल' या घटना एकमेकींत अडकलेल्या आहेत. तिथं नुसता गुणाकार चुकतो. परीक्षेत माझे मार्क याच प्रश्नावर गेले, ते अजून सलतं.

सराव कागदावरच करा. लगवाडी-खायवाडी, म्हणजे पैजा लावणं-घेणं, १८८७ च्या जुगारबंदी कायद्यानं गुन्हा आहेच, आणि २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं पैशांचे ऑनलाइन खेळही बंद केले.

रूममेटनं ते ६८६ रविवारी हैदराबादच्या सामन्याला पाच पैजांवर लावले. चार लागल्या. हातात शून्य.