सरकारी ठेका घेताय? दर भरतानाच होणाऱ्या या चुका टाळा

बिल अडलं की ठेकेदार आधी लेखा शाखेला शिव्या घालतो आणि मग कामगार कायद्याची कागदपत्रं बघणाऱ्या माझ्यासारख्या माणसाकडे येतो. फाईल उघडली की बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते. चूक नोटीस आली त्या महिन्यातली नसतेच. टेंडर भरायच्या शेवटच्या रात्री ‘अजून दोन टक्के बिलो (अंदाजपत्रकी दराच्या खाली) जाऊ, काम तर हातात येऊ दे’ म्हणत दर खाली ओढला, तेव्हाच ती झालेली असते. पुढे पीएफ बुडतो, हजेरीपटावर खोट्या सह्या होतात, मुकादमाच्या खिशात दहा जणांची एटीएम कार्डं सापडतात. हे सगळं त्या रात्रीचं व्याज.

म्हणून हिशेबापासूनच सुरू करू. समजा मूळ किमान वेतन आणि विशेष भत्ता (महागाईनुसार बदलणारा) मिळून 15,000 रुपये होतात. मालकाचा पीएफ 12 टक्के, त्यावर विमा योजना आणि प्रशासकीय आकार प्रत्येकी अर्धा टक्का, असे 13 टक्के म्हणजे 1,950 रुपये. ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, त्यात मालकाचा वाटा 3.25 टक्के, म्हणजे सुमारे 488. बोनस किमान 8.33 टक्के, सुमारे 1,250. एका माणसाचा खर्च 18,688 वर गेला, आणि यात रजेचे पैसे नाहीत, ग्रॅच्युइटी नाही, गणवेश नाही. बदली माणूसही नाही. पहारेकरी 30 दिवस हवा असतो, पण एक माणूस 26 दिवसच भरतो. उरलेल्या चार दिवसांचा पगार कुणाच्या खिशातून जाणार हे बऱ्याच दरपत्रकांत लिहिलेलंच नसतं. सेवाशुल्क शून्य टक्के भरून काम घेणारे महाभाग मी पाहिलेत. ते धर्मादाय संस्था चालवत नव्हते. कामगाराच्या खात्यात पूर्ण पगार जमा व्हायचा आणि सात तारखेनंतर त्यातले दोन-तीन हजार रोख परत घेतले जायचे. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर मनुष्यबळाच्या कामांना किमान 3.85 टक्के सेवाशुल्काची अट आली ती याच रोगावर औषध म्हणून. पगाराची परतफेड घेणं हा सरळ गुन्हा आहे, आणि एका नाराज कामगाराच्या मोबाईलमधलं रेकॉर्डिंग पुराव्याला पुरतं.

विशेष भत्त्याचं गणित तर हमखास चुकतं. महाराष्ट्रात तो जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा ठरतो. केंद्र सरकारच्या कामांवर एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये. तुम्ही दर भरला मार्चमध्ये, काम सुरू झालं ऑगस्टमध्ये, ठेका दोन वर्षांचा. वाढलेला भत्ता कामगाराला द्यावाच लागतो. ‘टेंडरमध्ये नव्हता’ हे उत्तर कामगार अधिकाऱ्यापुढे चालत नाही. निविदापूर्व बैठकीत हा प्रश्न लेखी विचारा: किमान वेतन वाढलं तर फरक कार्यालय देणार का? उत्तर ‘नाही’ असेल तर वाढ गृहीत धरून दर भरा. उत्तर ‘हो’ असेल तर शुद्धिपत्रकात आल्याशिवाय विश्वास ठेवू नका. तोंडी ‘बघू की नंतर’ म्हणणारे अभियंते आपल्या आधी बदलून जातात.

आणखी एक: नेमकी कोणती अधिसूचना लागू हे तपासा. महापालिका-नगरपालिकांच्या कामाला स्थानिक प्राधिकरणाचा वेगळा अनुसूचित रोजगार (किमान वेतनाच्या यादीतला कामाचा प्रकार) आहे, परिमंडळंही (दर ठरवायचे भाग) वेगळी आहेत. दुकाने-आस्थापनांचा दर लावून सफाई कामगार नेमले, तर तीन वर्षांनी संघटना फरकाचा दावा लावते. तोवर तुमची सुरक्षा ठेव परत मिळालेली असली तरी ती पुरत नाही.

‘बिल आलं की पगार’

कायद्याच्या हिशेबात पगार आणि बिल यांचा काही संबंध नाही. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत, पीएफ आणि ईएसआय 15 तारखेपर्यंत. 2025 मध्ये थकीत बिलांसाठी राज्यभरातले कंत्राटदार रस्त्यावर उतरले, त्यांची तक्रार खोटी नव्हती. पण पीएफ कार्यालय तुमची थकबाकी विचारात घेत नाही. उशिरावर दरसाल 12 टक्के व्याज आणि वर नुकसानभरपाई लावतं. कामगाराच्या पगारातून कापलेले 12 टक्के न भरणं तर अपहारात मोडतं. दोन-तीन महिन्यांचे पगार बिलाविना देता येतील एवढी रक्कम किंवा बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा हाताशी नसेल, तर ते काम तुमच्या ऐपतीबाहेरचं आहे. सोडा.

ठेकेदाराने पगार दिला नाही तर मूळ मालकाने, म्हणजे इथे सरकारी कार्यालयाने, तो द्यायचा आणि ठेकेदाराकडून वसूल करायचा, हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलेलं तत्त्व आहे. म्हणून लेखा शाखा पीएफ-ईएसआय भरल्याचं चलान मागते. खोडी काढायला नाही.

चलान जोडलं, तरी बिल परत

सगळ्यांत जास्त फाईली इथे अडकतात. एकाच पीएफ कोडवर चार साइट चालतात आणि चारही बिलांना तेच चलान जोडलेलं असतं. लेखापालाला कळणार कसं, की त्यातले त्याचे 32 कामगार कोणते? उपाय साधा आहे. प्रत्येक साइटची यूएएनसह (कामगाराचा पीएफ क्रमांक) वेगळी यादी करा. हजेरीपट, पगारपत्रक, बँकेचं विवरण आणि ईसीआर (पीएफचं मासिक विवरणपत्र) या चारही ठिकाणी नावं आणि दिवस जुळलेच पाहिजेत. खोटं चलान जोडायचा विचारही करू नका. चलानावरचा टीआरआरएन क्रमांक टाकला की ईपीएफओच्या संकेतस्थळावर खरंखोटं दिसतं. त्यातून काळी यादी आणि पोलीस तक्रार, दोन्ही होतात.

जुन्या ठेकेदाराचेच कामगार तुमच्याकडे आले असतील तर त्यांचे दोन-दोन यूएएन निघतात, आधारवर ‘दत्तात्रय’ आणि पीएफला ‘दत्ता’ असतं, मागच्याने सोडल्याची तारीख टाकलेलीच नसते. शेवटच्या भरण्याला दोन महिने झाले की कामगार स्वतः लॉगिन करून ती तारीख टाकू शकतो. नाव-जन्मतारखेची दुरुस्ती मात्र कामाच्या पहिल्याच आठवड्यात सुरू करा.

50 ची पळवाट

कंत्राटी कामगार परवाना राज्यात 50 कामगारांपासून लागतो. म्हणून ठेकेदार म्हणतो, ‘49 माझ्या नावावर, 40 मेहुण्याच्या फर्मवर.’ पण पीएफ 20 वर, ईएसआय 10 वर लागू होतो, आणि मुकादम, पत्ता, बँक खातं एकच असेल तर दोन फर्म एकच धरल्या जातात. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, तिथेही कंत्राटी कामगारांचा आकडा 50 च आहे. वेतनाची व्याख्या मात्र घट्ट झाली: भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले तर जादा भाग वेतनात धरला जातो. बेसिक 6,000 आणि बाकी ‘इतर भत्ता’ ही युक्ती आता विसरा.

शब्दांच्या आडोशाचं काय होतं ते मुंबई महापालिकेच्या प्रकरणात दिसलं. कचरा उचलणाऱ्यांना ‘स्वयंसेवक’ म्हटलं, पगाराला ‘मानधन’. कचरा वाहतूक श्रमिक संघ न्यायाधिकरणात गेला, 2014 मध्ये जिंकला, आणि एप्रिल 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 2,700 कामगारांना कायम करण्याचा तो निकाल उचलून धरला.

बांधकामाच्या ठेक्यात वेगळाच गैरसमज असतो. बिलातून एक टक्का उपकर कापला गेला, म्हणजे कामगारांचं झालं असं नाही. उपकर बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे जातो, पण कामगाराची नोंदणी नसेल तर त्याला कसलाही लाभ मिळत नाही. वय 18 ते 60 आणि वर्षात 90 दिवस काम असेल तर नोंदणी होते. 90 दिवसांचं प्रमाणपत्र द्यायला टाळाटाळ करू नका.

आणि गटार. पोटठेकेदाराने माणूस मॅनहोलमध्ये उतरवला, ‘मला माहीतच नव्हतं’ हे तुमचं उत्तर ऐकलं जाणार नाही. सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारसफाईला माणूस लावणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख रुपये केली. जेटिंग मशीनचं भाडं दरात धरलं नसेल, तर ते काम घेऊ नका.

शेवटी नोंदी. काम संपलं, ठेव मिळाली, की मस्टर (हजेरीपट) रद्दीत जातात. पीएफची चौकशी त्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी येते आणि तेव्हा पुरावा तुम्हालाच द्यायचा असतो. एका ठेकेदाराने तीन वर्षांचे हजेरीपट साइटवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवले होते. पावसाने निम्मे नेले, उरलेले वाळवीने. आता तो दर महिन्याला प्रत्येक पानाचा फोटो काढून मुलीला पाठवतो. ती पुण्यात बी.कॉम. करते, आणि सही राहिलेली असली की लगेच फोन करते.