पहिला शॉट टायमर घेताय? आधी या चुका टाळा

मे महिन्यातल्या एका दुपारी भाचा नेमबाजीच्या रेंजवरून थेट आमच्याकडे इंदूरच्या रामबागेत आला. पाणीसुद्धा न पिता त्याने पिशवीतून नवाकोरा शॉट टायमर काढून माझ्यापुढे ठेवला. हे यंत्र बीप देतं, मग माइकने गोळीचा आवाज टिपतं आणि बीपपासून प्रत्येक गोळी किती सेकंदांनी गेली ते दाखवतं. "मावशी, हा बघ, बिघडलेला आलाय. पाच गोळ्या झाडल्या आणि आकडे सात दाखवतोय."

मी आकडे कागदावर उतरवून घेतले : १.९२, २.०७, २.४४, २.९५, ३.१०, ३.४३, ३.९०. नीट बघितलं तर १.९२ नंतर २.०७ आणि २.९५ नंतर ३.१०, दोन्हीकडे अंतर बरोबर ०.१५ सेकंद. उन्हाळ्याच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो. लक्ष्य २५ मीटरवर, त्याच्या थोडी मागे भिंत. आवाज तिथे जाऊन परत यायला जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. म्हणजे ते दोन जास्तीचे आकडे गोळ्यांचे नव्हते, भिंतीवरून परत आलेल्या आवाजाचे होते. टायमर ठणठणीत होता. तो दुसऱ्याच खेळासाठी लावलेला होता, आणि पहिला टायमर घेणाऱ्या दहातल्या आठ जणांचं इथेच चुकतं असं मला वाटतं.

आपला खेळ कोणता हे न बघता घेणं

बाजारात मिळणारे बहुतेक शॉट टायमर प्रॅक्टिकल शूटिंगसाठी बनवलेले असतात. १९७६ मध्ये आयपीएससी (इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन) ही संघटना स्थापन झाली तेव्हापासून जगभर वाढलेला हा खेळ. त्यात नेमबाज पळतो, म्यानातून पिस्तूल काढतो, अनेक लक्ष्यांवर झाडतो आणि मिळालेल्या गुणांना लागलेल्या वेळाने भागतात. तिथे दोन गोळ्यांमधलं अंतर ०.१५ ते ०.२० सेकंद असणं नवलाचं नाही. म्हणून हे टायमर एक आवाज ऐकल्यावर लगेच पुढचा ऐकायला तयार होतात.

आपल्याकडे इंदूरला जी मुलं रेंजवर येतात ती बहुतेक ऑलिंपिकच्या प्रकारांची. १० मीटर एअर पिस्तूलला ६० गोळ्यांसाठी ७५ मिनिटं असतात, म्हणजे एका गोळीला सव्वा मिनिट. त्याला शॉट टायमर लागतच नाही, समोर एक साधं घड्याळ पुरतं. हे मी कळवळून सांगते, कारण मी स्वतः पहिला टायमर एअर पिस्तूलसाठी घेतला होता. विकणाऱ्याने "सगळं ऐकतो" म्हणून खात्री दिली. एअर पिस्तूलचा तो बारीकसा फट् आवाज त्याने दहातून तीनदा टिपला, आणि परत घ्यायला दुकान तयार झालं नाही. एअरसाठी घ्यायचाच असेल तर त्याची संवेदनशीलता हलक्या आवाजापर्यंत वाढवता येते का हे आपल्याच पिस्तूलवर बघून घ्या, दुकानदाराच्या शब्दावर नको.

टायमरची खरी गरज २५ मीटरला पडते. पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये पाच लक्ष्यं, प्रत्येकावर एक गोळी, आणि वेळ आधी ८, मग ६, मग ४ सेकंद. वेळ संपल्यावर गेलेली गोळी शून्य. इथून तासाभराच्या आत असलेल्या महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये तयार झालेल्या विजय कुमारने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात रौप्य मिळवलं. अंतिम फेरीत दर ४ सेकंदांत पाच अशा ४० गोळ्या होत्या, त्यातल्या त्याच्या ३० लागल्या. त्या चार सेकंदांची फोड कशी होते, पहिली गोळी कधी, मग दोन गोळ्यांतलं अंतर किती, हे दाखवायला टायमर हवा.

सुरुवातीचा इशारा चुकीचा लावणं

ही चूक कुणी सांगत नाही म्हणून जरा थांबून लिहिते. टायमर सुरू केला की तो काही सेकंद थांबून बीप देतो आणि ते थांबणं प्रत्येक वेळी वेगळं असतं. प्रॅक्टिकलमध्ये तसंच हवं, तिथे "स्टँड बाय" नंतर १ ते ४ सेकंदांत कधीही बीप होतो. रॅपिड फायरमध्ये मात्र "अटेन्शन" म्हटल्यावर लाल दिवा लागतो आणि बरोबर ७ सेकंदांनी हिरवा. ही सात सेकंदं श्वासाची असतात. हात ४५ अंशांत खाली, श्वास अर्धा सोडलेला, मनात लय. ती लय अंगात मुरवायची तर टायमरला ठराविक ७ सेकंदांचा विलंब लावता यायला हवा. फक्त 'रँडम' किंवा फक्त 'लगेच' एवढेच पर्याय असतील तर तो टायमर आपला नव्हे.

दुसरी गोष्ट, स्पर्धेत इशारा दिव्याचा असतो, टायमरचा आवाजाचा. माणूस आवाजाला प्रकाशापेक्षा काही शतांश सेकंद लवकर प्रतिसाद देतो. सरावात बीपवर ३.९० ला पाचवी गोळी जात असेल तर स्पर्धेत हिरव्या दिव्याला ती ३.९५ च्या आसपास जाईल हे गृहीत धरा. सराव ३.८० पर्यंत खाली आणा, मगच स्वस्थ बसा.

मुलींच्या २५ मीटर पिस्तूलचं गणित आणखी वेगळं. तिथल्या रॅपिड टप्प्यात ३ सेकंद हिरवा, ७ सेकंद लाल, असं पाच वेळा आणि दर वेळी एकच गोळी. बऱ्याच टायमरमध्ये एकच पार टाइम लावता येतो, म्हणजे एक बीप सुरुवातीचा आणि एक शेवटचा. असा टायमर या सरावाला अपुरा पडतो. लागोपाठ अनेक पार टाइम लावता येतात का ते विचारा. नाहीतर फोनवर ७ आणि ३ सेकंदांच्या अंतराने टिचकी वाजवून ध्वनिमुद्रण करा आणि ते लावून सराव करा. सुरुवातीला तेवढंही पुष्कळ झालं.

माइक कुठे ठेवतो याचा विचार न करणं

भाच्याने टायमर समोरच्या टेबलावर, पडदा स्वतःकडे आणि माइक लक्ष्याकडे असा ठेवला होता. भिंतीचा आवाज सरळ त्यात जात होता. टायमर पिस्तूलच्या जवळ, पण माइक लक्ष्याकडे पाठ करून ठेवा. शेजारच्या लेनमधल्या गोळ्या तुमच्या यादीत शिरत असतील तर टायमर अंगाच्या दुसऱ्या बाजूला घ्या, आपलं शरीरच आडोसा होतं. तरी नाही जमलं तर संवेदनशीलता एकेक पायरी कमी करा. एकदम खाली आणली तर आपलीच गोळी सुटते.

आणि हे सगळं करण्याआधी प्रतिध्वनी गाळायची सोय आहे का ते बघा. एक आवाज टिपल्यावर किती वेळ कान बंद ठेवायचा, एवढंच ते असतं. रॅपिड फायरमध्ये दोन गोळ्यांत ०.४० सेकंदापेक्षा कमी अंतर सहसा नसतं, म्हणून हा वेळ बिनधास्त ०.२० ठेवा. विकत घेताना रंग, आकार, ब्लूटूथ याआधी मी हीच सोय विचारते.

फोनवर भागेल असं समजणं

ड्राय फायरला, म्हणजे गोळीविना सरावाला, भागतं. पिस्तूल रिकामं, काडतुसं दुसऱ्या खोलीत, समोर कोरी भिंत आणि फोनवर ४ सेकंदांचा पार टाइम. ड्राय फायरमध्ये टिपायला गोळीचा आवाज नसतो, त्यामुळे महाग टायमरचासुद्धा तिथे बहुतेक वेळा दोन बीपपुरताच उपयोग होतो. पण खऱ्या गोळीला फोनचा माइक गोंधळतो. बोलणं स्वच्छ ऐकू यावं म्हणून तो मोठे आवाज आपणहून दाबत असतो. आणि बीप ब्लूटूथ इअरफोनवर कधीच ऐकू नका. कानापर्यंत आवाज पोचायला उशीर होतो, घड्याळ मात्र आधीच सुरू झालेलं असतं, आणि पोरं विनाकारण स्वतःला मंद समजायला लागतात.

बाकीचं थोडक्यात. कानावर आवाज अडवणारे मफ चढवून बीप ऐकू येतो का ते बघा, घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी घेत असाल तर जास्तच, कारण वयानुसार उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात. पडदा मे महिन्याच्या उन्हात वाचता यायला हवा. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागणारा टायमर जुनाट दिसला तरी मला आवडतो, जेल रोडवर ती कधीही मिळते. आतच बॅटरी असलेला घेतला तर तापलेल्या गाडीत ठेवून जाऊ नका. परदेशातून मागवत असाल तर कस्टम ड्यूटी आणि दुरुस्तीला परत पाठवायचा खर्च आधी धरा.

टायमर हातात आला की परत करायची मुदत संपायच्या आत एवढं करा. दहा गोळ्या झाडा, आकडे दहाच येतात का बघा. शेजारची लेन चालू असताना पुन्हा दहा. मग फोनवर स्लो मोशनमध्ये एक मालिका चित्रित करून, पहिल्या आणि शेवटच्या गोळीतलं अंतर टायमरशी ताडून बघा.

भाच्याचा टायमर आम्ही दुसऱ्या दिवशी रेंजवर नेला. माइक वळवला, गाळणी ०.२० वर लावली. पाच गोळ्या, पाच आकडे. पहिली पुन्हा १.९२ ला. तो बराच वेळ त्या एका आकड्याकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "मावशी, हात वर यायलाच दोन सेकंद लागतायत." त्यानंतर त्या दिवशी त्याने एकही काडतूस वापरलं नाही. संध्याकाळपर्यंत फक्त हात उचलत राहिला.