गवत आणि लव्हाळ्याच्या पानाचा छेद वाचताना या चुका टाळा

प्रकाशसंश्लेषणात कार्बन पकडण्याच्या दोन पद्धती म्हणजे सी३ आणि सी४; सी४ पानात शिरेभोवती हिरव्या पेशींचं खास कडं असतं, त्याला क्रांझ रचना म्हणतात. पण शिरेभोवती पेशींचं कडं दिसलं की वहीत ‘क्रांझ रचना, सी४’ लिहून मोकळं व्हायचं, ही सर्रास होणारी चूक. कडं गव्हातही असतं, आणि गहू सी३ आहे. उलट त्यात दोन कडी असतात: बाहेर पातळ भिंतींच्या मोठ्या पेशींचं आणि आत जाड भिंतींचं, म्हणजे मेस्टोम शीथ. खरा प्रश्न कडं किती हिरवं आहे हा. मक्यात ते हरितलवकांनी गच्च भरलेलं असतं, भातात फिकट.

म्हणून छेद घेतल्या घेतल्या टोल्युइडिन ब्लू (पेशी रंगवणारा निळा रंग) घालू नका. आधी साध्या पाण्यात पाहा. रंग चढला की हिरवा कुठे होता ते कळत नाही.

मग मोजणी. शेजारच्या दोन कड्यांमध्ये पर्णमध्याच्या (मेसोफिलच्या, म्हणजे शिरांमधल्या हिरव्या भागाच्या) पेशी किती आहेत? सी४ गवतात साधारण २ ते ४, सी३ मध्ये बहुधा त्याहून जास्त. कारण सरळ आहे. सी४ मध्ये पर्णमध्यात पेप कार्बोक्सिलेज हे विकर कार्बन पकडतं, त्यातून बनलेलं चार कार्बनचं आम्ल कड्यात पोचतं आणि तिथे सुटलेला कार्बन डायऑक्साइड रुबिस्को या दुसऱ्या विकराला मिळतो. ही ने-आण पेशींना जोडणाऱ्या बारीक धाग्यांमधून चालते, त्यामुळे कड्यापासून लांबची पेशी या कामाला निरुपयोगी. मोजणी मधल्या जाड शिरेजवळ करू नका, तिथे रंगहीन पेशी भरपूर असतात. पूर्ण वाढलेल्या पानाचा मधला भाग घ्या आणि मधली शीर व पानाची कड यांच्या मध्ये मोजा. कापताना ब्लेड तिरकं चाललं तर आकडा फुगतो. काष्ठवाहिन्या (पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या) गोल न दिसता लांबट दिसल्या की तो छेद टाकून द्या.

लव्हाळ्यांत मात्र गवताचा नियम लावला की फसगत ठरलेली. हरळीत हिरवं कडं बाहेर, मेस्टोम आत. नागरमोथ्यात नेमकं उलटं: मेस्टोम बाहेर आणि हिरव्या क्रांझ पेशी त्याच्या आत, थेट वाहक ऊतींना चिकटून. नवखा माणूस बाहेरचं फिकट कडं पाहून ‘सी३’ लिहितो आणि आतल्या हिरव्या पेशी शिरेचाच भाग समजतो. फिम्ब्रिस्टायलिस या लव्हाळ्यात तर तीन थर असतात, आणि क्रांझ पुन्हा सर्वांत आतला.

एलिओकॅरिस या लव्हाळ्याचं पान कापणं व्यर्थ, ते नावापुरतं आवरण उरलेलं असतं. प्रकाशसंश्लेषण दांडा करतो, छेद त्याचाच घ्या. त्यातली एलिओकॅरिस व्हिविपॅरा जमिनीवर सी४ आणि पाण्याखाली सी३ वागते, त्यामुळे नमुना कुठून घेतला ते लिहिलं नसेल तर निष्कर्षाला किंमत नाही.

मक्यावर आयोडीन चाचणी करताना पान दुपारनंतर तोडा. पहाटेपर्यंत पिष्ट बरंचसं खर्च झालेलं असतं आणि कडं निळं-काळं होत नाही. हिरवा रंग काढायला अल्कोहोल वापराल तर गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून तापवा, थेट ज्योतीवर नाही.

एवढं करूनही शंका उरली तर कार्बन-१३ (कार्बनचा जड प्रकार) चं प्रमाण ठरावीक मानकाच्या तुलनेत तपासून घ्यावं: सी३ मध्ये सुमारे −२७, सी४ मध्ये सुमारे −१३ प्रति हजार. निव्वळ प्रजातीच्या नावावर भिस्त ठेवू नये. पपायरस सी४ आहे आणि कुंडीत लावतात ती छत्रीसारख्या पानांची वनस्पती सी३, पण दोन्ही सायपरस या एकाच प्रजातीगटातल्या (नागरमोथ्याच्याच).