साप्ताहिक ब्रेकआउट सिस्टिम: आधी नियम, मग बॅकटेस्ट, मग पैसे

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या काळात फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. म्हणून पहिली सिस्टिम कॅश सेगमेंटमध्ये, डिलिव्हरीवर (पूर्ण पैसे देऊन शेअर खात्यात घेऊन) आणि आठवड्याच्या चार्टवर बांधावी. त्यात उधारीचा पैसा नाही, नोकरी सांभाळून जमतं, आणि ऑटोमेशनचीही गरज पडत नाही. खालचं उदाहरण निफ्टी १०० मधल्या शेअर्सवर, १० लाख भांडवल धरून घेतलं आहे. नियम नेहमीच्या वापरातले आहेत. खरं काम ते जुन्या भावांवर चालवून तपासण्यात, म्हणजे बॅकटेस्टमध्ये आहे.

नियम

आठवड्याच्या शेवटच्या सत्राचा क्लोज मागच्या २० आठवड्यांतल्या सगळ्या क्लोजपेक्षा वर असेल (हाच ब्रेकआउट) आणि निफ्टी ५० स्वतःच्या ४० आठवड्यांच्या सरासरीच्या वर असेल, तर पुढच्या सत्रात ओपनला खरेदी. पहिला स्टॉप (तोटा आवरण्यासाठी विकायचा भाव) खरेदी भावाच्या खाली ३ एटीआर (एटीआर म्हणजे शेअरचा दिवसाचा सरासरी चढउतार; इथे २० दिवसांचा, डेली). नंतर साप्ताहिक क्लोज मागच्या १० आठवड्यांच्या सगळ्या क्लोजपेक्षा खाली गेला की पुढच्या ओपनला विक्री.

एवढ्यावर बरेच जण थांबतात. पण एकाच शुक्रवारी १२ शेअर्सचा सिग्नल आला आणि जागा तिघांनाच असेल तर कोणते घ्यायचे? नियम लिहिलेला नसेल तर प्रोग्रॅम यादीतले पहिले तीन उचलतो, म्हणजे एबीबी आणि अदानी मंडळी. मग तुम्ही तपासता ती वर्णमाला. सहा महिन्यांच्या परताव्यावर क्रम लावा किंवा दुसरा निकष घ्या, पण तो कागदावर असू द्या.

डेटा: निम्मा वेळ इथेच जातो, आणि जाऊ द्यावा

एनएसईची भावकॉपी (रोजच्या भावांची फाइल) फुकट मिळते, पण त्यातले भाव अ‍ॅडजस्ट केलेले नसतात. रिलायन्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये एकास एक बोनस दिला तेव्हा भाव एका दिवसात निम्मा दिसतो. कच्चा डेटा वापरला तर सिस्टिम तिथे स्टॉप लागल्याचं समजून ५० टक्के तोटा नोंदवते. बोनस आणि स्प्लिट पकडणं सोपं असतं, डीमर्जर (कंपनीचा एक भाग वेगळी कंपनी होणं) निसटतं. २० जुलै २०२३ ला जिओ फायनान्शियल वेगळी झाली तेव्हा रिलायन्सचा भाव विशेष सत्रात २,५८० ठरला, आणि फरकाचे २६१.८५ रुपये नव्या कंपनीकडे गेले. डेटा विकत घेतला असला तरी ही तारीख उघडून बघा. इथे खड्डा दिसला तर बाकीच्या डीमर्जरवरही भरवसा ठेवू नका.

दुसरा घोळ यादीचा. आजचे निफ्टी १०० घेऊन २००८ पासून तपासणी केली, तर जे टिकले आणि वाढले तेच तुम्ही आधीच निवडून ठेवलेत. सत्यम, युनिटेक, सुझलॉन, रिलायन्स कम्युनिकेशन्स आणि येस बँक हे सगळे कधी ना कधी निफ्टी ५० मध्ये होते. निर्देशांकातले बदल मुख्यतः मार्च आणि सप्टेंबरच्या अखेरीस लागू होतात. प्रत्येक तारखेला त्या वेळची यादी लागते. शेअरची चिन्हंही (सिम्बॉल) बदलतात: जुन्या भावकॉपीत इन्फोसिस INFOSYSTCH या वेगळ्या चिन्हाने येते, झोमॅटोची आता इटर्नल झाली आहे. सांधा जोडला नाही तर एका कंपनीचं आयुष्य दोन तुकड्यांत दिसतं, आणि दुसऱ्या तुकड्याला पहिले २० आठवडे सिग्नलच येत नाही.

फक्त ईक्यू (नेहमीच्या व्यवहारांची) सिरीज गाळून घेतली तर अडचणीत आलेला, बीई (फक्त डिलिव्हरीच्या) सिरीजमध्ये टाकलेला शेअर डेटातून नाहीसा होतो. त्याच्याबरोबर तोटाही.

आठवडा शुक्रवारी संपतो असं गृहीत धरणारा प्रोग्रॅम शनिवारचं सत्र पुढच्या आठवड्यात ढकलतो. २ मार्च २०२४, १८ मे २०२४ आणि १ फेब्रुवारी २०२५ हे ट्रेडिंग झालेले शनिवार. त्यातला शेवटचा बजेटचा दिवस, पूर्ण सत्राचा. मुहूर्ताच्या तासाभराच्या सत्राचा दिवसही एटीआरमधून वगळावा, कारण त्याची रेंज खोटी लहान असते.

बॅकटेस्ट स्वतःला कुठे फसवतो

सिग्नल शुक्रवारच्या क्लोजवर आणि खरेदीही त्याच क्लोजवर, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. खरेदी पुढच्या ओपनलाच. २० आठवड्यांचा उच्चांक काढताना चालू आठवडा त्यात धरू नका, एक ओळ मागे सरका. स्टॉप ७४० चा आणि शेअर उघडला ७०५ ला, तर विक्री ७०५ ला नोंदवा. दिवसाचा हाय आणि लो एकच असेल, म्हणजे शेअर सर्किटला (दिवसाच्या भावमर्यादेला) अडकला असेल, तर त्या दिवशी सौदा झालाच नाही असं धरून दुसऱ्या दिवशी बघा.

खर्च आकड्यांत मांडा. १,२०,००० रुपयांची खरेदी आणि तेवढ्याचीच विक्री: एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर) दोन्ही बाजूंना ०.१ टक्का, म्हणजे २४० रुपये. खरेदीवर मुद्रांक शुल्क ०.०१५ टक्के, १८ रुपये. एक्स्चेंजचे चार्जेस, जीएसटी आणि विक्रीवेळचे डीपी (डिमॅट खात्याचे) चार्जेस मिळून साधारण २५ ते ३०. ब्रोकरेज शून्य धरलं तरी २८५ च्या आसपास. स्लिपेज (अपेक्षित आणि मिळालेल्या भावातला फरक) प्रत्येक बाजूला ०.१ टक्का धरलं की आणखी २४०. वर्षाला असे ४० सौदे झाले तर २१,००० रुपये, म्हणजे भांडवलाच्या २.१ टक्के, नफा होवो न होवो. शिवाय २३ जुलै २०२४ पासून वर्षाच्या आतल्या नफ्यावर २० टक्के कर आणि वर सेस. तुलना निफ्टीच्या टोटल रिटर्न निर्देशांकाशी करा, कारण नुसत्या निफ्टीत लाभांश नसतो.

कालखंड दोन भागांत तोडा. समजा २००८ ते २०१६ वर नियम ठरवले, तर २०१७ नंतरचा डेटा कुलपात. कुलूप एकदाच उघडायचं. उघडून निकाल बघितला आणि नियम बदलला की तो भागही वापरला गेला. २० आठवडे चांगले चालतात, पण १८ आणि २२ वर निकाल ढासळतो, असं दिसलं तर तो योगायोग समजा. १५ ते ३० मध्ये निकाल थोडाफार सारखा राहिला पाहिजे. मग सिस्टिम मुद्दाम मोडून बघा: खरेदी एक दिवस उशिरा करा, सगळ्यात मोठे पाच नफे काढून टाका, खर्च दुप्पट धरा. तिन्हीत नफा उरला तर पुढे जा.

किती शेअर घ्यायचे

एका सौद्यात १ टक्का जोखीम, म्हणजे १०,००० रुपये. शेअर ८०० ला, एटीआर २०, स्टॉप ६० रुपये खाली. १०,००० भागिले ६० म्हणजे १६६ शेअर, किंमत १,३२,८००. इथे दुसरी मर्यादा लागते: एका शेअरमध्ये भांडवलाच्या १२ टक्क्यांहून जास्त नाही. म्हणून १५० शेअर, १,२०,००० रुपये.

दुसरी मर्यादा का, तर स्टॉप ही हमी नव्हे. ५ मार्च २०२० च्या संध्याकाळी रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध आणले आणि दुसऱ्या दिवशी शेअर निम्म्याहून खाली बंद झाला. फ्युचर्स असलेल्या शेअर्सना नेहमीचं ठरीव सर्किटही नसतं. १२ टक्क्यांची पोझिशन निम्मी झाली तर भांडवलाला ६ टक्के फटका बसतो. तो सोसतो. मर्यादा नसती तर कमी एटीआरच्या शांत शेअरमध्ये सूत्राने २५ टक्के टाकायला सांगितलं असतं.

सगळ्या पोझिशन्सची मिळून जोखीम ६ टक्क्यांवर नेऊ नका, आणि एका क्षेत्रातले तीनच शेअर ठेवा. एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय आणि अ‍ॅक्सिस मिळून बँकांवरची एकच मोठी पैज असते. १७ जानेवारी २०२४ ला निकालानंतर एचडीएफसी बँक ८ टक्क्यांहून जास्त पडली, तेव्हा बँक निफ्टीही सोबत गेला.

तोट्याच्या रांगेची लांबीही आधी काढून ठेवा. ३८ टक्के सौदे जिंकतात, सरासरी नफा जोखमीच्या २.६ पट, सरासरी तोटा १ पट. तर दर सौद्यामागे ०.३८ × २.६ उणे ०.६२, म्हणजे सुमारे ०.३७ पट. सिस्टिम चांगली. तरीही २०० सौद्यांत सलग ९ तोटे येणं अगदी अपेक्षित आहे. सौद्यांचा क्रम हजारदा पिसून सगळ्यात वाईट ५ टक्के घसरणी बघा. पण सुटे सौदे पिसले तर आकडा गोड येतो, कारण खऱ्या बाजारात स्टॉप एकाच आठवड्यात झुंडीने लागतात. महिन्याचे गठ्ठे करून पिसा.

खरे पैसे

आधी ८ ते १२ आठवडे कागदावर. हा नफा बघण्याचा काळ नाही. शुक्रवारी यादी वेळेत निघते का, नियम वाचून दोन जण तीच यादी काढतात का, एवढंच बघायचं. मग पाव आकारात सुरुवात करा. प्रत्येक सौद्याला अपेक्षित भाव आणि मिळालेला भाव शेजारी लिहा. ३० सौद्यांनंतर स्लिपेज ०.१ टक्क्याच्या दुप्पट निघालं तर ओपनच्या पहिल्या मिनिटात ऑर्डर टाकणं बंद करून बॅकटेस्ट नव्या आकड्याने पुन्हा चालवा.

स्टॉप जीटीटीने (ठरलेला भाव आला की लागणारी, ब्रोकरकडे आधीच ठेवलेली ऑर्डर) लावला असेल तर बोनस, स्प्लिट आणि डीमर्जरच्या दिवशी तो हाताने तपासा, बदललेल्या भावाने पुन्हा लावावा लागतो. आणि थांबण्याचा आकडाही पहिल्या सौद्याआधी लिहा: बॅकटेस्टमधली मोठी घसरण १८ टक्के असेल तर २७ टक्क्यांना नवी खरेदी बंद. जुन्या पोझिशन्स आपापल्या नियमाने बाहेर पडू द्यायच्या, आणि आधी डेटा तपासायचा, नियम नंतर.