किमोचा पहिला दिवस: या चुका टाळा, आणि गप्प तर मुळीच बसू नका

आत्याच्या कॅन्सरवरच्या पहिल्या किमोला मी तिच्यासोबत होते. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून पहाटेच्या पहिल्या बसने बेळगाव गाठलं होतं. सलाईन सुरू होऊन वीसेक मिनिटं झाली असतील. आत्या हात पदराखाली घेऊन बसली होती आणि कपाळावर घाम दिसत होता. विचारलं तर म्हणाली, "काय नाही गं. हात जळजळतोय खरं, औषध जातंय म्हटल्यावर जळजळणारच की."

पदर बाजूला केला तर सुईभोवतीची कातडी लाल होऊन फुगली होती. सिस्टर दोनदा तिच्यापुढून गेल्या होत्या. दोनदा त्यांनी कन्नडमध्ये काहीतरी विचारलं होतं आणि दोनदा आत्याने नुसती मान हलवली होती.

औषध लगेच थांबवलं म्हणून हात वाचला. किमोची काही औषधं शिरेबाहेर झिरपली की फोड येतात, जखम होते, आतलं मांससुद्धा खराब होतं. सुईजवळ आग, दुखणं, सूज जाणवली की त्याच क्षणी सांगायचं. छाती आवळल्यासारखी वाटणं, धाप, अंगाला खाज, थंडी वाजून येणं हेही तसंच. काही औषधांची अॅलर्जी पहिल्या काही मिनिटांतच उठते, आणि ती पहिल्या-दुसऱ्या डोसला जास्त दिसते. सिस्टरना त्रास कशाला द्यायचा, हा आपल्या बायाबापड्यांचा विचार या खोलीत फार महागात पडतो.

आपल्याकडे त्यात भाषेची भर. बेळगावात बऱ्याच जणांना मराठी कळतं, पण ड्युटीवरच्या सिस्टर दूरच्या जिल्ह्यातून किंवा केरळातून आलेल्याही असतात. आता गावातलं कुणी पहिल्या किमोला निघालं की मी त्यांना दोन शब्द पाठ करायला लावते. आग होणं म्हणजे 'उरी', दुखणं म्हणजे 'नोवु'. हाताकडे बोट दाखवून "कै उरीतैति" एवढं म्हटलं तरी सिस्टर धावत येतात. तेही जमलं नाही तर हात वर करून हाक मारा. सोबत येणाऱ्याने मोबाइलवर मान खाली घालून बसू नये, हातावर लक्ष ठेवावं. तो त्याच कामासाठी आलेला असतो.

उपाशी जाऊ नका

रक्त तपासायचं म्हणजे उपाशी, ही सवय इतकी मुरलीय की किमोलाही लोक चहासुद्धा न घेता येतात. डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं नसेल तर उपाशी राहायची गरज नसते, उलट रिकाम्या पोटी मळमळ वाढते. घरून इडली, उप्पीट, मऊ भात असं हलकं खाऊन निघा. आणि त्या दिवशी आवडीचा पदार्थ डब्यात देऊ नका. पाहुण्यांनी प्रेमाने आणलेला कुंदा आत्याने तिथेच खाल्ला, रात्री उलटी झाली, आणि पुढे कित्येक महिने तिला कुंद्याचा वाससुद्धा सहन होत नव्हता.

कपड्यांचं थोडक्यात. पोलक्याच्या घट्ट बाह्या वर सरकत नाहीत, सैल बाहीचं घाला. हिरव्या बांगड्या काढायला बायका तयार नसतात, तर निदान सुई लागणाऱ्या हातातल्या दुसऱ्या हातात घाला. स्तनाचं ऑपरेशन झालं असेल तर त्या बाजूच्या हाताला सुई नको, हे आधीच सांगून ठेवा.

कागद आदल्या दिवशी

किमोच्या एक-दोन दिवस आधी रक्त, किडनी आणि लिव्हरच्या तपासण्या करून घ्याव्या लागतात. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी किंवा रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी असल्या की डोस पुढे ढकलतात. हा रिपोर्ट तिथे गेल्यावर करू म्हणून अथणी-कागवाडकडून आलेली माणसं संध्याकाळी हात हलवत परतताना मी पाहिली आहेत.

योजनेचंही तसंच. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, एपीएल असेल तर खर्चाच्या ३० टक्के, तेही वर्षाला १.५ लाखांपर्यंत. पण बहुतेक वेळा सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र लागतं आणि मंजुरीला वेळ जातो. रेशनकार्ड कन्नडमध्ये, आधारवर एक स्पेलिंग, बायोप्सीच्या कागदावर दुसरं, हा घोळ सीमाभागात घरोघरी आहे. तो आठवडाभर आधी निस्तरा. कोल्हापूर-मिरजेला जाणार असाल तर आपलं कार्ड तिथे चालतं का, आणि महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी जाहीर केलेली महात्मा फुले जनआरोग्य योजना त्या रुग्णालयात लागू होते का, हे तिथे योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला फोन करून विचारा. ऐकीव माहितीवर निघू नका.

किमोच्या काही औषधांनी पुढे मूल होणं अवघड होतं. तरुण रुग्ण असेल आणि पुढे मूल हवं असेल तर तो विषय पहिल्या डोसच्या आधी काढायचा. सासू-सासऱ्यांसमोर लाज वाटते, मान्य. डॉक्टरांशी एकटीने बोलायला मागा, पण बोला. नंतर वेळ निघून गेलेली असते.

लपवाछपवी

बीपी-शुगरच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. सगळी पाकिटं एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. उलटी होऊ नये म्हणून देतात त्या औषधांत बरेचदा स्टेरॉइड असतं, त्याने शुगर वाढते. गुळवेल, काढे, कुणी दिलेल्या पुड्या, जे चालू असेल ते सांगा, काहींची किमोच्या औषधांशी टक्कर होते. निपाणी भागातल्या बायकांना विशेष सांगणं आहे: मिस्री, म्हणजे दातांना लावायची भाजलेल्या तंबाखूची पूड, बंद करा. किमोने तोंड आतून सोलवटतं, त्यावर मिस्री म्हणजे जखमेवर तिखट.

आणि सर्वांत मोठी लपवाछपवी घरचेच करतात. "डॉक्टर, त्यांना आजाराचं नाव सांगू नका." माझ्या बाबांनीही आत्याच्या बाबतीत हेच केलं होतं. शक्तीचं सलाईन आहे, असं तिला सांगितलं होतं. शक्तीच्या सलाईनने हात जळला तर ती कुणाला कशाला सांगेल? त्या दिवशी घरी आल्यावर बाबांनी तिला सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मला कळलेलं होतं रे, तूच घाबरशील म्हणून बोलले नाही."

घरी आल्यावर

शेवटची बस गाठायची घाई ठेवू नका. पहिला डोस कुणाचा तासाभरात संपतो, कुणाचा दिवसभर चालतो, आणि आधी दिलेल्या औषधांनी झोप येते. बेळगावातल्या शहापूर-वडगावात नातलग असतील तर रात्री तिथे राहा. मोटरसायकलवर मागे बसवून आणू नका.

उलटीच्या गोळ्या उलटी झाल्यावर नाही, लिहून दिलेल्या वेळेला घ्यायच्या. लाल रंगाचं औषध दिलं असेल तर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नसतं. औषधाचा अंश लघवी-उलटीतून बाहेर पडतो, म्हणून दोन दिवस रुग्णाने संडासात दुप्पट पाणी टाकावं, उलटी साफ करणाऱ्याने हातमोजे घालावेत. केस पहिल्या दिवशी जात नाहीत, गेलेच तर दोन-तीन आठवड्यांनी, आणि सगळ्याच औषधांनी जात नाहीत.

भेटायला येणाऱ्या भावकीला थोपवा, विशेषतः सर्दी-खोकला असलेल्यांना. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. त्या दिवसांत १००.४ फॅरनहाइट ताप आला तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट बघू नका, रात्री दोन वाजले असले तरी रुग्णालयाला फोन करून निघा. त्यासाठी थर्मामीटर पहिल्या किमोच्या आधीच घरात हवा. आमच्याकडे तो देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला पिशवीत अडकवलेला असायचा, आणि त्याखाली भिंतीवरच आत्याच्या नातीने खडूने रुग्णालयाचा नंबर मोठ्या आकड्यांत लिहिला होता, म्हणजे आत्यालाही चष्म्याशिवाय दिसावा.